ज्येष्ठा गौरी अर्थात महालक्ष्म्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाद्रपद जवळ आला की माझा फोन सुरू होतो. पुण्याची भाची विचारते, आवाहन किती वाजेपर्यंत करायचं. जावेची सून बंगळुरूहून विचारते, सोळा भाज्या मिळत नाहीत, काय करू. कुणाला कहाणी हवी असते, तर कुणाला ‘हे सगळं का करायचं’ तेवढंच कळायला हवं असतं. दर वर्षी तेच सांगते, म्हणून या खेपेला लिहून ठेवलं. आम्ही मराठवाड्याकडचे, त्यामुळे माझ्या तोंडी ‘महालक्ष्म्या’ हाच शब्द. कोकणात, घाटावर, विदर्भात रीत बदलते. माझं लिहिणं आणि तुमच्या घरची रीत यांत फरक पडला तर तुमच्या घरचीच धरा.

गौरी म्हणजे पार्वती की लक्ष्मी?

दोन्ही उत्तरं लोक मनापासून देतात. ‘गौरी’ हे नाव पार्वतीचं. ती गणपतीची आई आणि भाद्रपदात ती माहेरपणाला येते, असं कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात मानतात. काही घरांत तिला गणपतीची बहीण म्हणतात. मराठवाड्यात आणि विदर्भात तीच महालक्ष्मी होते. असुरांच्या त्रासाला कंटाळलेल्या स्त्रिया महालक्ष्मीगौरीला शरण गेल्या आणि तिने असुरांना मारून त्यांचं सौभाग्य राखलं, अशी पुराणकथा सांगतात. तिच्यात ही दोन्ही नावं एकाच देवीला लागलेली आहेत.

मला विचाराल तर या तीन दिवसांत ती देवी कमी आणि घरची लेक जास्त असते. पहिल्या दिवशी प्रवासाने दमून येते म्हणून साधी भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी पुरणावरणाचं जेवण आणि तिसऱ्या दिवशी डोळ्यांत पाणी आणून पाठवणी. सासरहून आलेल्या मुलीचं आपण याहून वेगळं काय करतो?

‘ज्येष्ठा’ हे नाव कुठून आलं?

सरळ उत्तर नक्षत्राचं आहे. चंद्र अनुराधा नक्षत्रात असताना गौरी आणायच्या, ज्येष्ठा नक्षत्रात पूजायच्या आणि मूळ नक्षत्रात बोळवायच्या. पूजा ज्येष्ठावर, म्हणून ज्येष्ठागौरी. सत्तावीस नक्षत्रांत ही सतरावी, अठरावी आणि एकोणिसावी, म्हणजे लागोपाठची.

पण या नावामागे दुसरीही एक बाई उभी आहे आणि तिच्याबद्दल घरात फारसं कुणी बोलत नाही. पद्मपुराणात समुद्रमंथनाची कथा येते. तिथे लक्ष्मीच्या आधी तिची थोरली बहीण वर आली, ती ज्येष्ठा. तिलाच अलक्ष्मी म्हणतात. विष्णूने लक्ष्मीला मागणी घातली तेव्हा लक्ष्मी म्हणाली, थोरलीचं लग्न झाल्याशिवाय मी कशी करू? मग ज्येष्ठेला उद्दालक ऋषींना दिली. आश्रमातला वेदघोष आणि स्वच्छता तिला सोसेना. ऋषींनी तिला पिंपळाखाली बसवलं, जागा बघून येतो म्हणाले आणि परत आलेच नाहीत. ती तिथे रडत बसली. लक्ष्मीच्या विनवणीवरून विष्णूने पिंपळ तिला राहायला दिला आणि शनिवारी लक्ष्मी तिला भेटायला येते, असं ठरलं. शनिवारी पिंपळाला पाणी घालणाऱ्या किती जणींना ठाऊक असतं, की त्या झाडाखाली टाकून दिलेली थोरली बहीण बसली आहे?

एके काळी या ज्येष्ठेची उघड पूजा होत असे. बौधायनाच्या गृह्यसूत्रात तिच्या पूजेचा विधी आहे. तमिळनाडूत कांचीपुरमच्या कैलासनाथ मंदिरात, म्हणजे आठव्या शतकातल्या पल्लव मंदिरात, तिची मूर्ती आहे. तिच्या मूर्तींजवळ कावळ्याचं निशाण आणि केरसुणी दाखवतात. पुढे तिची पूजा मागे पडली आणि नाव तेवढं अपशकुनासाठी उरलं.

आपल्याकडच्या दोन मुखवट्यांना मात्र आपण आजही ज्येष्ठा आणि कनिष्ठा म्हणतो. दोघींना एकाच मापाची साडी, एकसारखी नथ, एकच नैवेद्य. पंडित म्हणतील, हे नाव केवळ नक्षत्रामुळे आहे, त्याचा अलक्ष्मीशी संबंध जोडू नका. त्यांचंही बरोबर असेल. पण थोरलीला वगळून धाकटीला घरात घेता येत नाही, ही गोष्ट मला त्या दोन मुखवट्यांकडे पाहताना दर वर्षी आठवते. पुढे विधवांबद्दलचा प्रश्न आहे, तिथे पुन्हा याच मुद्द्याकडे येईन.

गौरी कधी गणपतीच्या तिसऱ्या दिवशी, कधी पाचव्या दिवशी का येतात?

गणपती तिथीवर येतो, गौरी नक्षत्रावर येतात. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर. नक्षत्राला सूर्याशी देणंघेणं नाही, आकाशात चंद्र कुठल्या तारकांपाशी आहे तेवढंच पाहायचं. म्हणून दोन्हींचं गणित दर वर्षी थोडं सरकतं.

२०२३ मध्ये अधिक श्रावण होता, चतुर्थी १९ सप्टेंबरला उशिरा आली आणि २१ ला, तिसऱ्याच दिवशी, गौरी आल्या. २०२४ मध्ये चतुर्थी ७ सप्टेंबरला आणि आवाहन १० ला, चौथ्या दिवशी. २०२५ मध्ये चतुर्थी लवकर, २७ ऑगस्टला, तर आवाहन ३१ ला म्हणजे पाचव्या दिवशी. चतुर्थी जितकी उशिरा, तितक्या गौरी तिच्या जवळ, हे एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

हे डोळ्यांनीही पाहता येतं. पूजनाच्या दिवशी आभाळ मोकळं असेल तर दिवेलागणीनंतर गच्चीवर जा आणि नैर्ऋत्येकडे पाहा. अर्ध्याच्या आसपास भरलेला चंद्र दिसेल आणि त्याच्या जवळपास एक तांबूस, ठळक तारा. तोच ज्येष्ठा. भाद्रपदात पाऊस बहुतेक वेळा पाहू देत नाही, पण एका वर्षी आम्हाला दिसला. आरती अर्धवट टाकून सगळी पोरं वर धावली होती.

गौरीची कहाणी थोडक्यात सांगाल का?

थोडक्यात सांगण्यासारखी ती नाही, पण प्रयत्न करते.

आटपाट नगर होतं. तिथे एक गरीब ब्राह्मण होता. भाद्रपद आला, घरोघरी गौरी आल्या, घंटा वाजू लागल्या. त्याच्या पोरांनी पाहिलं आणि आईला म्हणाली, आपल्याकडेही गौर आण. आई म्हणाली, आणून काय करू? तिला नैवेद्य हवा, घरात तर काही नाही. बाबांना सांगा, ते सामान आणतील तर आणू. पोरं बापाकडे गेली. तो मनात कष्टी झाला. पोरांचा हट्ट पुरवता येत नाही, मागायला गेलं तर मिळत नाही, यापेक्षा मरण बरं, म्हणून उठला आणि तळ्याच्या वाटेला लागला.

वाटेत संध्याकाळी एक म्हातारी सवाष्ण भेटली. तिने चौकशी केली, समजूत घातली. तो तिला घरी घेऊन आला. बायकोने दिवा लावला, ही कोण म्हणून विचारलं. नवरा म्हणाला, आजी आहे. बायको आत जाऊन कण्या पाहू लागली तर मडकं भरलेलं! तिने पेज केली, सगळी पोटभर जेवली आणि निजली.

सकाळी म्हातारी म्हणाली, मला न्हाऊ घाल, घावन-घाटल्याचं जेवण कर, काही रडगाणं गाऊ नको. ब्राह्मण भिक्षेला गेला तर त्या दिवशी गूळ मिळाला, सगळं मिळालं. दुसऱ्या दिवशी म्हातारीला खीर हवी झाली. दूध कुठून आणायचं? ती म्हणाली, हवे तितके खुंट पूर, दावी बांध आणि संध्याकाळी गाई-म्हशींची नावं घेऊन हाक मार. त्याने हाका मारल्या आणि वासरांसकट गाई-म्हशी धावत आल्या, गोठा भरून गेला.

मग म्हातारी म्हणाली, आता मला पोचव. तो म्हणाला, आजी, तुमच्यामुळे सगळं आलं, तुम्ही गेलात तर तेही जाईल. ती म्हणाली, भिऊ नकोस, ज्येष्ठागौर म्हणतात ती मीच. तिने वाळू दिली. घरभर टाक, मडक्यात टाक, पेटीत टाक, गोठ्यात टाक, काही कमी होणार नाही. आणि भाद्रपदात तळ्याकाठचे दोन खडे आणून दर वर्षी माझी पूजा कर.

यात मला दोन गोष्टी फार मोलाच्या वाटतात. देवी सोन्याचा मुखवटा घालून येत नाही, मरायला निघालेल्या माणसाला वाटेत भेटलेली अनोळखी म्हातारी होऊन येते. आणि घरात कण्याही नसताना तो तिला ‘चल’ म्हणतो, बायको ‘आता हिला काय घालू’ म्हणून आदळआपट करत नाही. मडकं भरतं ते त्यानंतर. घावन म्हणजे तांदळाच्या पिठाचं पातळ धिरडं आणि घाटलं म्हणजे गूळ घालून शिजवलेली पिठाची दाट खीर. गरिबाघरचं पक्वान्नच ते.

खड्यांच्या, तेरड्याच्या, मुखवट्यांच्या, यांतल्या खऱ्या गौरी कोणत्या?

सगळ्याच खऱ्या. कहाणीत तर खडेच आहेत. कोकणस्थ घरांत आजही पाच किंवा सात खडे पाणवठ्यावरून आणतात. आणणारी कुमारिका किंवा सवाष्ण वाटेत बोलत नाही, मागे वळून पाहत नाही. कोकणात आणि घाटावर अनेक घरांत तेरड्याची रोपं मुळांसकट आणतात. ती मुळं म्हणजे गौरीची पावलं. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण आपण माणसाच्या चंचलपणाला लावतो, पण गौरीही तीनच दिवसांची पाहुणी, म्हणून मला ती म्हण या सणाच्या दिवसांत वेगळीच ऐकू येते. कोल्हापूरकडे गौरीच्या पाठोपाठ शंकरोबाही येतो.

आमच्याकडे उभ्या महालक्ष्म्या. पत्र्याच्या कोठ्या, त्यांत गहू-तांदूळ, वर पितळी मुखवटे, समोर दोन बाळं आणि डोक्यावर करंज्या-पुऱ्यांचा फुलोरा बांधलेला. साडी नेसवणं हे एकटीचं काम नाही. एकीने कोठी धरायची, दुसरीने निऱ्या घालायच्या, तिसरी दातांत टाचण्या धरून उभी. नथ मुखवट्याच्या नाकाला मेणाने चिकटवतात आणि ती दर वर्षी ऐन आरतीत पडते. मेण तळहातावर चांगलं मळून मऊ केलं तर पडत नाही, हे मला माझ्या आत्याने शिकवलं.

आवाहन घरच्या घरी कसं करायचं?

गुरुजींची गरज नाही. तुळशीपासून किंवा उंबऱ्यापासून देवीच्या जागेपर्यंत रांगोळीची आणि हळदीकुंकवाची पावलं काढा. मुखवटे ताम्हनात किंवा सुपात घेऊन येणारीचे पाय दारात दूध-पाण्याने धुवा, कुंकवाचं बोट लावा, भाकरतुकडा ओवाळून टाका. मग ताट-चमचा नाही तर घंटा वाजवत आत यायचं. एकीने विचारायचं, ‘गौर आली, कशाच्या पावलांनी आली?’ दुसरीने म्हणायचं, ‘सोन्यारुप्याच्या पावलांनी आली.’ याच बोलीत तिला सगळं घर दाखवायचं: स्वयंपाकघर, धान्याची जागा, कपाट, गोठा असेल तर गोठा. माझी भाची आता वॉशिंग मशीन आणि मुलाचं अभ्यासाचं टेबलही दाखवते. काही चुकत नाही. आलेल्या लेकीला आपण नवं काय घेतलं ते दाखवतोच की.

राहुकाळ टाळा, नक्षत्राची वेळ पंचांगात पाहा आणि त्या वेळेत उंबरा ओलांडून घ्या. नंतरची मांडणी रात्री दोनपर्यंत चालली तरी चालते. आमची चालतेच.

सोळा भाज्या झाल्याच पाहिजेत का?

सोळा म्हणजे पूर्ण. चंद्राच्या कला सोळा, पूजेचे उपचार सोळा, मातृका सोळा. जुन्या रुपयाचे आणेही सोळा होते, म्हणून ‘सोळा आणे खरं’ म्हणतो. गौरीपुढे जे ठेवायचं ते अर्धंमुर्धं नको, एवढाच याचा अर्थ. पण सोळा कढया चढवायच्या असं कुठेही म्हटलेलं नाही. कितीतरी घरांत सगळ्या भाज्यांचा थोडा थोडा भाग घेऊन एकच मिसळीची भाजी करतात. परसातला भोपळा, त्याचं फूल, त्याचा पाला अशीही मोजणी करतात. भाद्रपदात पावसाने रानभर भाजी आलेली असते. त्या दिवसांत जे उगवतं ते तिला दाखवायचं आहे.

पुरणपोळी, कटाची आमटी आणि ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील ही आमच्याकडची न चुकणारी त्रयी. आरती पुरणाच्या दिव्यांनी. आंबीलच नसेल तर मात्र मला चुकल्यासारखं होतं. बाकी सगळं श्रीमंती, ती आपल्या शेतातली.

आमच्या शेजारी गौरीला मटणाचा नैवेद्य दाखवतात. हे चालतं?

त्यांच्याकडे चालतं, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. कोकणात आणि आगरी, कोळी, कायस्थ अशा अनेक समाजांत गौरीपूजनाचा दिवस तिखटाचा असतो. कुठे कोंबडी-वडे, कुठे मासे, कुठे चिंबोऱ्या. गणपतीला हे चालत नाही म्हणून त्याच्या आणि गौरीच्या मध्ये पडदा धरतात. माहेरी आलेल्या लेकीला तिच्या आवडीचं घालायचं, मग घरात जे गोडीने खाल्लं जातं तेच तिला दिलं जाणार. आपला नैवेद्य सोवळा आणि त्यांचा ओवळा, असं मनातसुद्धा आणू नका.

गाठी पाडलेला दोरा कशासाठी?

सुताचे सोळा पदर घेऊन त्याला सोळा गाठी मारतात. तिसऱ्या दिवशी त्या गाठींत हळदकुंकू, फूल, झेंडूचं पान, भोपळ्याचं फूल, सुकामेव्यातला एखादा जिन्नस असं काही ना काही गुंफतात. पूजा झाली की घरातल्या बायका तो गळ्यात किंवा मनगटाला बांधतात, काही घरांत धान्याच्या डब्यात ठेवतात. घराची वीण घट्ट राहावी, असा भाव.

ओवसा म्हणजे काय? माझं नवं लग्न झालं आहे, माझा यंदा होईल का?

ओवसा किंवा ववसा ही मुख्यतः कोकणातली रीत. नवी सून सुपांत फळं, पानं, सुकामेवा भरून ती गौरीपुढे ओवाळते आणि मग सासर-माहेरच्या वडीलधाऱ्यांना देऊन नमस्कार करते. तेही तिला काहीतरी देतात. पहिला ओवसा सूर्य पूर्वा नक्षत्रात असताना गौरी आल्या तरच करतात. हे पावसाचं पूर्वा नक्षत्र, साधारण ३० ऑगस्टपासून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. गौरी त्यानंतर आल्या तर पुढच्या वर्षाची वाट पाहायची. सासूबाईंना विचारा, त्यांच्या बोटांवर हिशेब असतो.

विधवा बाईने गौरीची पूजा करावी का?

करावी. हे मी आधी उत्तर म्हणून लिहिते आणि मग कारण सांगते.

माझी आत्या एकोणतिसाव्या वर्षी विधवा झाली आणि माहेरी आली. आमच्याकडचं पुरण तीच वाटायची. पाट्यावर बसली की दोन-अडीच तास उठायची नाही, वेलदोड्याची पूडही स्वतःच कुटायची. निऱ्या तिच्यासारख्या कुणाला घालता येत नसत, म्हणून साडीही तीच नेसवायची, पण आवाहनाच्या आधी. एकदा मुखवटे कोठीवर चढले की ती माजघराच्या दारामागे जाऊन उभी राहायची. आरती तिथूनच म्हणायची. हळदीकुंकवाला बायका येऊ लागल्या की मागच्या अंगणात भांडी घेऊन बसायची. तिला तसं कुणी सांगितल्याचं मी कधी ऐकलं नाही. सांगावं लागत नव्हतं, हेच मला आता जास्त लागतं.

पूजेला सवाष्णच हवी असं म्हणणाऱ्यांना मी कहाणी आठवायला सांगते. ब्राह्मणाने म्हातारीला वाटेत ‘तुझा नवरा आहे का’ असं विचारून मग घरी आणलं नाही. कहाणी सांगणाऱ्याने तिला सवाष्ण म्हटलं, त्या दमलेल्या माणसाने फक्त म्हातारी पाहिली. आणि ज्येष्ठेची कथा खरी धरली, तर जिला जगाने अशुभ म्हणून पिंपळाखाली सोडून दिलं, तिच्याच नावाची देवी आपण दूध-पाण्याने पाय धुऊन आत घेतो. तिला मखरात बसवायचं आणि घरातल्या बाईला दारामागे ठेवायचं, हे मला जुळवता येत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं यांसारख्या विधवा प्रथा बंद केल्या. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सुचवलं. गावाने एकत्र बसून ठरवलं तर होतं. घरात तर चार माणसांनीच ठरवायचं असतं.

आमच्या घरी ते ठरायला फार उशीर झाला. आत्या एकाहत्तर वर्षांची असताना आईने तिच्या हातात हळदीकुंकवाचा करंडा दिला आणि म्हणाली, ‘वन्सं, पहिलं बोट तुमचं.’ आत्याने दोन वेळा हात मागे घेतला. मग मुखवट्याला कुंकू लावलं, थोरलीला आधी. तिचा हात इतका कापत होता की कुंकू नाकावर सांडलं आणि ते कुणीही पुसलं नाही.

घरात सोयर-सुतक असेल किंवा पाळी आली तर?

सोयर-सुतकात बहुतेक घरांत त्या वर्षी गौरी बसवत नाहीत, पुढच्या वर्षी बसवतात. त्याने कुळाचार मोडत नाही. पाळीबद्दल घराघरांत मतं वेगळी आहेत. माझं मत विचाराल तर मी माझ्या सुनेला कधी बाजूला बसवलेलं नाही. सणाच्या आधी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेणं मात्र सर्रास झालं आहे, ते डॉक्टरांना न विचारता कृपा करून करू नका. लेकीला त्रास देऊन कुठली आई प्रसन्न होईल?

आम्हाला मुलगीच आहे. पुढे गौरी कोण करणार?

मुलगी. गौरी परंपरेने सासूकडून सुनेकडे जातात हे खरं, पण सगळा सणच माहेरवाशिणीचा आहे. सासरच्या गौरी असतील तर दोन्हीकडचे मुखवटे शेजारी मांडणाऱ्या मुली माझ्या पाहण्यात आहेत. मुखवटे माळ्यावर ठेवून देण्यापेक्षा किंवा देवळात नेऊन सोडण्यापेक्षा ते कितीतरी बरं. भाऊ वेगळे झाले की गौरी कुणाकडे यावरून वाद होतात, तिथेही माझं म्हणणं हेच: एके वर्षी एकाकडे, पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे, आणि सगळ्यांनी जेवायला एकाच पंगतीला.

मंगळागौर, हरतालिका, चैत्रगौर या वेगळ्या गौरी का?

देवी एकच, येण्याच्या वेळा वेगळ्या. चैत्रात ती महिनाभर झोपाळ्यावर बसते, आंबेडाळ आणि पन्हं घेते. श्रावणातल्या मंगळवारी नव्या नवरीकडे जागते. भाद्रपद शुद्ध तृतीयेला हरतालिका म्हणून वाळूच्या पिंडीशेजारी बसते. आणि मग पुन्हा काही दिवसांतच ज्येष्ठा होऊन येते.

परदेशात तारीख भारताची धरायची की तिथली?

तिथली. चंद्र नक्षत्रात शिरण्याचा क्षण जगभर एकच, पण तेव्हा तुमच्या घड्याळात वेळ वेगळी असते आणि कधी कधी तारीखही. तुमच्या शहराचं पंचांग पाहा. ते जमलंच नाही तर शनिवार-रविवार धरून करणाऱ्यांनाही मी नावं ठेवणार नाही. न्यू जर्सीतल्या माझ्या पुतणीकडे मुखवटे नाहीत. ती घरामागच्या ओढ्यावरून दोन खडे आणते. कहाणीत तरी दुसरं काय होतं?

विसर्जन कसं करायचं?

तिसऱ्या दिवशी मूळ नक्षत्र असताना. नैवेद्याला शेवयांची खीर, कानवले आणि भाजलेला उडदाचा पापड. आरतीनंतर मुखवट्यांवर अक्षता टाकायच्या आणि ते जागेवरून किंचित हलवायचे, म्हणजे विसर्जन झालं. पितळी मुखवटे पुसून, मऊ कापडात गुंडाळून ठेवायचे. नथीचं मेण आधी काढा, नाही तर वर्षभरात ते पितळेवर हिरवं पडतं. खडे किंवा तेरडा असेल तर वाहत्या पाण्यात सोडायचा आणि येताना त्या काठची मूठभर वाळू आणायची. ती तुळशीत, धान्याच्या डब्याखाली, घराच्या चारही कोपऱ्यांत थोडी थोडी टाकायची. शहरात काठ नसतो, तेव्हा माझी भाची कुंडीतली माती घेते. कोठीतले गहू-तांदूळ लगेच दळायला काढू नका. आमच्याकडे त्यातलं पहिलं ओंजळभर धान्य भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या ओटीत जातं, मग बाकीचं घरात.